रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल कसं बनवतात? 'सेंच्युरियन'च्या निमित्ताने समजून घेऊया

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर असा व्हिडिओ तुमच्यासमोर कधीतरी आलाच असेल. टेबलावर राखाडी-हिरव्या प्लास्टिकचे ढीगभर तुकडे पसरलेले असतात. कुणीतरी चिमट्याने एकेक तुकडा उचलून चिकटवत जातं आणि साठ सेकंदांत समोर धुळीने माखलेला, जागोजागी रंग उडालेला, अगदी खराखुरा वाटणारा रणगाडा उभा राहतो. खाली कमेंटमध्ये दोन प्रश्न ठरलेले. 'हे मिळतं कुठे?' आणि 'मला जमेल का?'

जमतं. त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही आणि इंजिनियरिंगची डिग्रीही लागत नाही. पण त्या साठ सेकंदांत एक गोष्ट दिसत नाही. पहिला तुकडा कापण्याआधी बनवणाऱ्याने एक प्रश्न सोडवलेला असतो. हा नेमका कोणता रणगाडा? कोणत्या सैन्याचा, कोणत्या वर्षाचा, कुठल्या मातीतला? कोणती पेटी घ्यायची, कोणता तुकडा लावायचा, कोणता सोडायचा, रंग कोणता द्यायचा आणि धूळ कुठली दाखवायची, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं.

हेच नीट समजावं म्हणून आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरूया. ते म्हणजे भारतीय लष्कराचा 'सेंच्युरियन' रणगाडा.

स्केल मॉडेल आणि खेळणं यात फरक काय?

खेळण्यातला रणगाडा रणगाड्यासारखा दिसला की झालं. स्केल मॉडेलमध्ये प्रत्येक माप खऱ्या वस्तूच्या ठरावीक पटीत लहान केलेलं असतं. रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण आहे १:३५. म्हणजे खरा रणगाडा मॉडेलच्या ३५ पट मोठा.

हिशेब करून बघा. खऱ्या सेंच्युरियनची रुंदी सुमारे ३.३९ मीटर. भागिले ३५ केलं की मॉडेलची रुंदी येते साधारण ९.७ सेंटिमीटर. तोफ पुढे धरून खरी लांबी सुमारे ९.८ मीटर, म्हणजे मॉडेल २८ सेंटिमीटर. शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडं कमी. शेजारी पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक उभा केला तर तो भरतो ५ सेंटिमीटर.

आता एक आकडा लक्षात ठेवा, कारण तो पुढे कामाला येणार आहे. मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे साडेतीन सेंटिमीटर.

पण हा ३५ चा आकडा आला कुठून? यामागे काहीतरी मोठं गणित असेल असं वाटतं. प्रत्यक्षात कारण होतं बॅटरी. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या 'तामिया' कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'पँथर' या जर्मन रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत दोन बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबाने त्याचा आकार ठरला. मॉडेल तुफान चाललं. पुढचे रणगाडेही त्याच मापात काढायचे ठरल्यावर मोजून पाहिलं, तर ते माप साधारण १:३५ निघालं. नंतर बाकीच्या कंपन्यांनीही तेच उचललं. मोटर आणि बॅटऱ्या बहुतेक किटमधून गेल्या, आकडा मात्र राहिला.

१:३५ सोडून १:४८, १:७२ आणि १:७६ ही मापंही मिळतात. जागा कमी असेल तर १:७२ सोयीचं पडतं, पण तुकडे इतके बारीक असतात की नवख्या माणसाचा संयम सुटतो.

उदाहरणाला सेंच्युरियनच का?

सेंच्युरियन मूळचा ब्रिटिश. दुसऱ्या महायुद्धात त्याची रचना सुरू झाली, पण पहिले नमुने युरोपात पोचले तेव्हा तिथलं युद्ध संपलं होतं. मग तो जगभर गेला. ऑस्ट्रेलियाने व्हिएतनाममध्ये वापरला, इस्रायलने पश्चिम आशियात वापरला आणि भारताने १९६५ व १९७१ च्या युद्धांत.

महाराष्ट्राशी याचा संबंध आहे तो 'पूना हॉर्स' या रेजिमेंटमुळे. १८१७ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या घोडदळातून आलेली ही रेजिमेंट. घोडे गेले, रणगाडे आले, नाव तेच राहिलं. १९६५ च्या युद्धात या रेजिमेंटचं नेतृत्व करत होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. जन्म मुंबईचा. फिल्लोराच्या लढाईतल्या पराक्रमासाठी त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ ला, बसंतरच्या लढाईत याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल शहीद झाले. जन्म पुण्याचा, वय २१. रणगाड्याला आग लागल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव होतं 'फामागुस्ता'. सायप्रसमधल्या एका बंदराच्या शहराचं हे नाव.

एकच रेजिमेंट, एकच जातीचा रणगाडा आणि दोन परमवीर चक्रं. त्यामुळे मॉडेल बनवायला लागलेल्या भारतीय मुलामुलींना कधी ना कधी फामागुस्ता बनवावासा वाटतो. आणि तिथेच पहिली अडचण येते.

अडचण काय आहे?

पेटीवर 'सेंच्युरियन' लिहिलेलं असतं, पण आत कुठला सेंच्युरियन आहे हे बघावं लागतं.

१:३५ मध्ये तैवानच्या 'एएफव्ही क्लब' या कंपनीने सेंच्युरियनची बरीच किट काढली आहेत. तामियाचं जुनं सेंच्युरियन किट आहे ते १:२५ मापातलं, म्हणजे बरंच मोठं. या पेट्यांवर चित्रं असतात ती ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन किंवा इस्रायली रणगाड्यांची. हा रणगाडा अनेक वर्षं वापरात होता आणि प्रत्येक देशाने त्यात आपापले बदल केले. बाहेरून दिसणारे तीन फरक ओळखता आले तरी चुकीची पेटी घेणं टळतं.

पहिला फरक तोफेचा. सुरुवातीच्या बऱ्याच सेंच्युरियनवर '२० पाउंडर' नावाची ८४ मिलिमीटरची तोफ होती. तिचे दोन प्रकार. एकाची नळी सरळसोट, तर दुसऱ्याच्या नळीवर मध्ये एक जाड फुगवटा. गोळा सुटल्यावर नळीतला धूर टरेटमध्ये येऊ नये यासाठी तो फुगवटा असतो. नंतर १०५ मिलिमीटरची तोफ आली. तिच्यावरचा फुगवटा नळीच्या बरोबर मध्यावर नसून एका बाजूला कललेला दिसतो.

दुसरा फरक मागच्या भागाचा. इस्रायलने आपल्या सेंच्युरियनचं मूळ पेट्रोल इंजिन काढून अमेरिकन डिझेल इंजिन बसवलं. त्यासाठी मागचं झाकण उंच करावं लागलं. या रणगाड्याला ते 'शोत कल' म्हणतात. पेटीवर हे नाव दिसलं तर भारतीय रणगाड्यासाठी ती घेऊ नका. मागचा अख्खा भाग वेगळा निघेल.

तिसरा फरक बाजूच्या पत्र्यांचा. सेंच्युरियनच्या चाकांवर दोन्ही बाजूंनी पोलादी पत्रे लोंबतात. व्हिएतनाममधल्या ऑस्ट्रेलियन तुकड्यांनी बऱ्याचदा ते काढून टाकले होते, कारण आत चिखल अडकून बसायचा. म्हणून त्या पेटीवरच्या चित्रात ते नसतील, तरी तुकडे आत आहेत का ते तपासा.

मग खरा रणगाडा बघायचा कुठे?

इथे महाराष्ट्रात राहणाऱ्यांचं नशीब जोरावर आहे. अहिल्यानगरमध्ये, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, लष्कराचं 'कॅव्हलरी टँक म्युझियम' आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून भारतात तयार झालेल्या 'विजयंत'पर्यंत अनेक वाहनं आहेत. त्यात सेंच्युरियनही आहे. फामागुस्तासुद्धा युद्धानंतर दुरुस्त करून याच शहरातल्या 'आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल' या लष्करी संस्थेत जतन करण्यात आला आहे.

संग्रहालयात गेलात तर समोरून एक सेल्फी काढून परत येऊ नका. फोटो काढायला परवानगी आहे का ते आधी विचारा. असेल तर चारही बाजूंनी, खाली वाकून चाकांचा, मागून एक्झॉस्टचा, जिथे जिथे वेल्डिंग दिसतं तिथला फोटो घ्या. पेटीतल्या कागदावर जे कळत नाही ते इथे दोन मिनिटांत कळतं.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, अनेक शहरांत चौकात किंवा लष्करी भागाच्या फाटकाशी रणगाडे उभे असतात. त्यातले बरेच 'विजयंत' असतात. दुरून बघताना दोन्हींत गल्लत होऊ शकते, म्हणून खालची पाटी वाचा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रदर्शनातल्या रणगाड्यांना वेळोवेळी नवा रंग दिला जातो. त्यामुळे आकार, जोड, नटबोल्ट यासाठी संग्रहालय उत्तम पुरावा आहे, पण १९७१ मध्ये रंगाची छटा काय होती, कोणता आकडा कुठे होता, याचा तो पुरावा नाही. त्यासाठी त्या वेळचे फोटो बघावे लागतात. वस्तू कशी होती ते संग्रहालय सांगतं, त्या दिवशी कशी दिसत होती ते फोटो सांगतो.

पेटीत नेमकं काय असतं?

पेटी उघडली की प्लास्टिकच्या चौकटी दिसतात. त्यांना 'स्प्रू' म्हणतात. वितळलेलं पॉलिस्टायरिन प्लास्टिक पोलादी साच्यात दाबून भरतात आणि थंड झाल्यावर बाहेर काढतात. चौकट म्हणजे प्लास्टिक ज्या वाटेने साच्यात गेलं ती वाट. प्रत्येक तुकड्याशेजारी नंबर असतो आणि माहितीपत्रकात त्या नंबरांनुसार पायऱ्या दिलेल्या असतात.

साच्याच्या दोन खुणा तुकड्यांवर राहतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक उंच रेघ येते. आणि तुकडा बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे उमटतात. बाहेरून दिसणार असतील तर दोन्ही घासून काढायचे.

याशिवाय काही किटमध्ये पितळेच्या कागदासारख्या पातळ पत्र्यावर कोरलेले बारीक भाग, रबरासारखे ट्रॅक, तोफेसाठी धातूची नळी आणि 'डिकल' म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचा कागद असतो. रंग आणि ग्लू बहुतेक वेळा पेटीत नसतात. हे माहीत नसल्यामुळे बऱ्याच जणांचा पहिला रविवार वाया जातो.

सामान काय लागतं?

सुरुवातीला इतकं पुरे:

- स्प्रूवरून तुकडे कापायला टोकदार निपर किंवा साइड कटर
- बदलत्या पात्याचा हॉबी नाइफ आणि खाली कटिंग मॅट
- ४०० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर आणि एक छोटी कानस
- बारीक टोकाचा चिमटा
- प्लास्टिक मॉडेलसाठीचं पातळ सिमेंट
- मास्किंग टेप, दोन-तीन ब्रश, रंग आणि त्याच कंपनीचं थिनर

इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे फेव्हिक्विक चालेल का? पितळ, धातू किंवा रेझिन चिकटवायला चालतं. प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला मात्र मॉडेलचं सिमेंटच बरं. ते नुसतं चिकटवत नाही. त्यातलं द्रावण दोन्ही बाजूंचं प्लास्टिक किंचित विरघळवतं आणि सुकल्यावर दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. शिवाय सुकायला थोडा वेळ घेत असल्यामुळे तुकडा सरळ करायला सवड मिळते. फेव्हिक्विक ती सवड देत नाही.

जोडणी कुठून सुरू करायची?

आधी स्प्रू कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. साच्यातून तुकडे सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलकट द्रवाचा अंश राहिला असेल तर नंतर रंग धरत नाही.

तुकडा कापताना निपर अगदी कडेला टेकवू नका. थोडी दांडी ठेवून कापा, मग उरलेली दुसऱ्या घावात काढा आणि घासून सपाट करा. कडेलाच कापलं तर प्लास्टिक पांढरं पडतं किंवा खळगा पडतो.

चिकटवण्याआधी प्रत्येक जोड कोरडाच बसवून बघा. सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त सवय हीच.

पुढचा क्रम साधारण असा असतो:

१. खालचा सांगाडा आणि चाकं. सेंच्युरियनला एका बाजूला सहा जोडचाकं असतात आणि ती दोन-दोनच्या तीन संचांत बसवलेली असतात. सिमेंट ओलं असतानाच मॉडेल काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवा आणि सगळी चाकं टेकतायत ना ते बघा. एक जरी अधांतरी राहिलं तर रणगाडा डुगडुगतो आणि नंतर ते लपवता येत नाही.

२. वरचं झाकण आणि मागचा इंजिनचा भाग. फट राहिली तर पुट्टी भरा. घरगुती उपायही आहे. उरलेल्या स्प्रूचे बारीक तुकडे थोड्या सिमेंटमध्ये विरघळवले की त्याच प्लास्टिकची पुट्टी तयार होते.

३. टरेट आणि तोफ. वर फिरणारा भाग म्हणजे टरेट. तोफेची नळी दोन भागांत असेल तर जोडाची रेघ पूर्ण जायला हवी. खरी नळी गोल असते आणि बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.

४. बारीक वस्तू. हातोडे, फावडी, हुक, दिवे, अँटेना. अँटेनासाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून मऊ करा आणि दोन्ही हातांनी ओढा. केसासारखी तार निघते. हे करताना आसपास थिनर किंवा सिमेंटची बाटली नको.

टरेट, बाजूचे पत्रे आणि ट्रॅक लगेच चिकटवू नका. ते वेगळे ठेवले तर रंग देताना ब्रश आतपर्यंत पोचतो.

ट्रॅकचं एवढं काय?

ट्रॅक म्हणजे चाकांभोवती फिरणारा पोलादी पट्टा. किटमध्ये तो तीन प्रकारे मिळतो. एक, रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा अखंड पट्टा. गुंडाळायचा आणि टोकं जोडायची. दोन, सरळ भाग अखंड आणि वळणाचे दुवे सुटे. तीन, प्रत्येक दुवा वेगळा. नवख्यांसाठी पहिला प्रकार बरा.

पण खरा ट्रॅक टनावारी वजनाचा असतो, त्यामुळे तो वरच्या बाजूला किंचित झोळ पडलेला दिसतो. रबरी पट्टा मात्र ताणून बसतो. सेंच्युरियनमध्ये वरचा बराचसा भाग बाजूच्या पत्र्यांआड जातो, ही आपली सोय.

रंग कसा द्यायचा?

आधी प्रायमर, म्हणजे अस्तर. त्याची दोन कामं. रंगाला पकड देणं आणि तुमच्या चुका दाखवणं. राखाडी अस्तर मारलं की राहिलेली रेघ, बोटाचा ठसा, सिमेंटचा ओघळ सगळं उघडं पडतं. तेव्हाच घासून घ्या.

मग मूळ रंग. एअरब्रश असेल तर उत्तम, पण तो नाही म्हणून थांबू नका. स्प्रे कॅन किंवा रुंद मऊ ब्रशनेही काम होतं. नियम एकच. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात. जाड रंगाखाली नटबोल्ट बुजतात.

रंग तीन जातींचे असतात. अ‍ॅक्रिलिकला वास कमी, घरात वापरायला सोपा. एनॅमल हळू सुकतो आणि टर्पेंटाइनसारख्या थिनरने विरघळतो. लॅकर लवकर सुकतो, पकडही पक्की, पण वाफा फार उग्र. पावसाळ्यात मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत लॅकर फवारला तर रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते. तेव्हा कोरडा दिवस बघा.

भारतीय सेंच्युरियनसाठी लष्करी गडद हिरवा घेताना डबीतला रंग थेट लावण्याऐवजी तो किंचित फिका करा. मोठी वस्तू उन्हात दुरून फिकी दिसते. तोच रंग २८ सेंटिमीटरच्या वस्तूवर लावला तर काळपट वाटतो.

पेटीत भारतीय खुणा नसतील तर?

बहुतेक वेळा नसतातच. मग डिकल स्वतः करावं लागतं. बाजारात कोरा डिकल कागद मिळतो, त्यावर घरच्या प्रिंटरने छापता येतं. फक्त एक मेख आहे. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या पाठीचा कागद घेऊन भोवतालचा भाग रणगाड्याच्याच रंगात छापावा लागतो, किंवा स्टेन्सिल कापून ब्रशने रंगवावं लागतं.

डिकल लावण्याआधी त्या जागी चकचकीत वार्निशचा हात द्या. खरखरीत रंगावर थेट लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी चमक दिसते. मग कागद थोडा वेळ पाण्यात ठेवा, डिकल सुटलं की सरकवून बसवा आणि मऊ कापडाने पाणी टिपा. सुकल्यावर सगळ्यावर मॅट वार्निश.

नाव किंवा आकडा कुठे होता हे फोटोत दिसत असेल तरच लिहा. फोटोत नसलेला आकडा मनाने टाकण्यापेक्षा ती जागा रिकामी सोडलेली चांगली. आणि अशी जागा सोडली असेल तर मॉडेलचा फोटो पोस्ट करताना तेही लिहा.

धूळ, चिखल, गंज: इथे गाडी घसरते

या भागाला 'वेदरिंग' म्हणतात. व्हिडिओत सगळ्यात जास्त लाइक याच पायरीला मिळतात आणि सगळ्यात जास्त अतिरेकही इथेच होतो.

पातळ केलेला गडद तपकिरी एनॅमल नटबोल्टभोवती आणि फटींत सोडला की खोली दिसते. याला 'वॉश' म्हणतात. खाली अ‍ॅक्रिलिक रंग आणि वर वार्निश असेल तर जास्तीचा वॉश थिनरच्या ब्रशने पुसता येतो. मग उंच कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग ओढायचा. शेवटी धुळीसाठी रंगीत पावडर.

आता तो सुरुवातीचा आकडा आठवा. १ मिलिमीटर म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. तुम्ही रंग उडाल्याचा ५ मिलिमीटरचा ठिपका काढलात, तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेसतरा सेंटिमीटरचा झाला. तळहाताएवढा रंग जागोजागी उडालेला रणगाडा युद्धात कितीदा दिसेल? तसंच गंजाचं. वापरात असलेल्या रणगाड्याची निगा रोज राखली जाते. तो भंगारातल्यासारखा गंजलेला नसतो. त्याच्यावर असते ती धूळ, ग्रीस आणि बुटांच्या घासण्याने आलेली चमक.

आणि धूळ कुठली? फामागुस्ता लढला तो शकरगढच्या भागात, डिसेंबरात, पंजाबच्या सपाट शेतजमिनीत आणि नाल्याच्या पात्राजवळ. तिथे धूळ फिकट तपकिरी हवी. कोकणातला लाल चिखल लावला तर मॉडेल कितीही सुंदर दिसो, ते त्या दिवसाचं राहत नाही.

जिवाला जपा

हा भाग रीलमध्ये नसतो, म्हणून जरा ठळकपणे.

सिमेंट, थिनर आणि लॅकरच्या वाफा डोकं जड करतात आणि बंद खोलीत त्रासदायक ठरतात. खिडकी उघडी हवी, पंख्याची हवा बाहेर जाणारी हवी. कापडी किंवा एन-९५ मास्क धुळीचे कण अडवतो, वाफा नाही. फवारणी करणार असाल तर रासायनिक वाफांसाठीचं फिल्टर असलेला मास्क घ्या. रेझिनचे भाग घासायचे असतील तर पाण्यात भिजवून घासा, म्हणजे धूळ उडत नाही.

थिनर पेट घेतो. गॅसची शेगडी, देव्हाऱ्यातलं निरांजन, उदबत्ती यांच्या जवळ काम नको. पातं नेहमी स्वतःपासून दूर जाईल असं चालवा. लहान मुलांना सोबत घ्यायचं असेल तर त्यांच्यासाठी ग्लूशिवाय, दाबून बसणारी किट मिळतात, तिथून सुरुवात करा.

पहिलंच किट सेंच्युरियनचं घ्यावं का?

शक्यतो नको. आधी कमी तुकड्यांचं, नीट बसणारं एखादं किट करा. भारतीयच हवं असेल तर 'शर्मन' किंवा 'टी-५५' बघा. १९६५ मध्ये भारताकडे शर्मन होते, १९७१ मध्ये टी-५५. दोन्हींची किट अनेक कंपन्या काढतात. इथेही प्रकार तपासायला विसरू नका.

खर्चाचं म्हणाल तर चांगली किट परदेशातून येतात. त्यामुळे किंमत टपाल, सीमाशुल्क आणि रुपयाच्या भावावर हलते. पेटीइतकाच खर्च पहिल्या वेळी हत्यारं आणि रंगांवर होऊ शकतो, पण ते सामान पुढच्या अनेक मॉडेलना पुरतं. वेळेचा हिशेब दिवसांत नाही, आठवड्यांत धरा.

मग हे सगळं कशासाठी?

कुणी म्हणेल, शोभेचीच वस्तू ना, एक तुकडा इकडचा तिकडे झाला तर काय बिघडलं? ज्याला नुसता रणगाडा बनवायचा आहे त्याचं काहीच बिघडत नाही. छंद आहे, मनासारखं करावं.

पण मॉडेलवर एकदा 'फामागुस्ता' लिहिलं की गोष्ट बदलते. त्या टरेटमध्ये २१ वर्षांचा एक मुलगा होता आणि त्या रणगाड्यात एकूण चार माणसं होती. १:३५ मध्ये ती चार माणसं प्रत्येकी ५ सेंटिमीटरची. टरेट जोडताना आतली जागा बोटांना जाणवते. तोफेचा मागचा भाग बसवल्यावर माणसाला किती थोडी जागा उरते, वरचं झाकड केवढं असतं, आग लागल्यावर तिथून बाहेर पडणं म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून जेवढं कळत नाही तेवढं हातात घेतल्यावर कळतं.

म्हणून सुरुवात निपरने करू नका. एक कागद घ्या आणि त्यावर तीन ओळी लिहा. कोणता रणगाडा, कुठे, कोणत्या दिवशी. त्याखाली सापडलेले फोटो चिकटवा. तो कागद टेबलावर समोर ठेवा आणि मग पहिला तुकडा कापा.